ड्रायव्हरचा शेवटचा हात

बीरगाव, रायपूर
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप धर्मपाल मामांस,
रीनाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हं हं करते, माझं सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या ट्रान्सपोर्ट यार्डात ट्रकांचं ऑइल बदलायचं काम ऑगस्टपासून माझ्याकडे आलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आधीचे श्यामराव निवृत्त होऊन गावी गेले आणि मी त्यांच्या जागी गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरले. इथे खड्ड्यात उतरणारी मी पहिलीच मुलगी. त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हर काठावर उभा राहून माझे हात बघत असतो. ते मी मनावर घेत नाही, पण आता खरंच तोंडघशी पडायची वेळ आली आहे.

मामीला कळावं म्हणून सविस्तर लिहिते. इंजिनाखाली ऑइलचं चेंबर असतं, त्याच्या बुडाला एक नट असतो, तो काढला की जुनं ऑइल वाहून जातं. मग नट लावून नवं ऑइल भरायचं. मी ऑइल बदललेल्या गाड्या याच नटातून गळत परत येताहेत. गळतं थेंब थेंबच, पण विशाखापट्टणमचा पल्ला मोठा. गेल्या आठवड्यात लोकेश साहूची सळ्यांनी भरलेली गाडी केशकाल घाटाच्या अलीकडे ऑइलचा दिवा लागून उभी राहिली. त्याने लगेच इंजिन बंद केलं म्हणून निभावलं.

आमचे मॅनेजर निरंजन भैया भले आहेत, ओरडले नाहीत. पण म्हणाले की महिनाभरात गळती थांबली नाही तर ऑइलचं काम बाहेरच्या गॅरेजला देऊ आणि तू परत स्पेअरच्या काउंटरवर बस. मामा, काउंटरवर बसायला मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाले नव्हते. मला भीती वाटते आहे. तुमचं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं, काहीतरी सुचवा.

मामीला जयभीम. तुमचा लोभ आहेच, सध्या सोबत थोडी अक्कलही पाठवा.

तुमची भाची,
रीना


गोंदिया
८ नोव्हेंबर २०२५

चि. रीना हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र कांताने मोठ्याने वाचून दाखवलं. नटापाशी आल्यावर थांबून तिने विचारलं की कुकरची रिंगही अशाच गळतीसाठी बदलायची असते का. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून ती नवी रिंग मागून राहिली आहे, म्हणजे तुझ्या गळतीचा पहिला फटका मलाच बसला.

आता कामाचं. नटाखालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालायचा. जुना एकदा दबला की दबला, त्याच्याकडून दुसऱ्यांदा इमानदारीची अपेक्षा करू नये. नटाची आणि चेंबरची बसायची जागा कोरड्या फडक्याने पुसायची, वाळूचा एक कण राहिला तरी तिथून वाट फुटते. नट आधी बोटांनी फिरवायचा, म्हणजे आटे तिरपे लागत नाहीत. शेवटी मापाचा पाना लावायचा आणि ठरल्या जोराचं माप भरून तो टक् वाजला की हात काढून घ्यायचा. ज्याला जोर दाखवायचा असेल त्याने आखाड्यात जावं.

हे तू करत असशीलच, तुला शिकवलं कोणी? म्हणून एक वेगळा प्रश्न विचारतो. गळणारी गाडी परत आली की तो नट तू जितक्या जोराने लावला होतास तितक्याच जोराने उघडतो का? हे नीट बघून लिही.

आईची तब्येत कळव. घाबरू नकोस, घाबरलेला हात जास्त आवळतो. तुझ्यावर आमची माया आहे, ती नटासारखी ढिली होत नसते.

तुझा मामा,
धर्मपाल


बीरगाव, रायपूर
१५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या एका प्रश्नाने सगळा घोळ उघडा पाडला. तुम्ही सांगितलेलं बाकी सगळं मी पहिल्या दिवसापासून करते आहे. वॉशर नवा, जागा पुसलेली, पाना मापाचा. पण लोकेशची गाडी घेतली तर नट जागचा हलेना. पान्याला पाइप अडकवून लोंबकळले तेव्हा कुठे निघाला. वॉशर दबून पार पापड झालेला आणि चेंबरचे आटे ओरबाडलेले. म्हणजे माझ्यानंतर त्या नटाला कोणीतरी हात लावला होता.

आधी मला दुसऱ्या पाळीच्या मेकॅनिकांचा संशय आला, आणि त्यांच्याशी मनातल्या मनात खूप भांडूनही घेतलं. मग एक दिवस हात धुवायला गेल्यासारखं करून टाकीमागे उभी राहिले. काय बघते, ड्रायव्हर स्वतःचा पाना आणि पाइप घेऊन खड्ड्यात उतरला, नटाला एक सणसणीत हिसडा दिला, बाहेर येऊन गाडीला हात लावून कपाळाला लावला आणि निघाला. दुसऱ्यानेही तेच केलं, तिसऱ्यानेही.

लोकेशला विचारलं तर तो अगदी सहज होकाराची मान हलवून म्हणाला की हव दीदी, सगळेच करतात, इथे त्याला अपना हाथ म्हणतात. रस्त्यावर गाडीसोबत एकटा ड्रायव्हर असतो, म्हणून निघताना शेवटचा हात त्याचा हवा, असं त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं आहे. मी म्हटलं की मग श्यामरावांच्या काळात गाड्या गळत काहून नव्हत्या. तर म्हणाला की श्यामराव भैया नट मुद्दाम थोडा ढिला ठेवत, ड्रायव्हरच्या हातासाठी. सगळ्या यार्डाला हे माहीत होतं, फक्त मला कोणी सांगितलं नाही. मी माप पूर्ण भरत होते आणि त्यावर ड्रायव्हर आपला हिसडा देत होता.

राग कोणावर काढू तेच कळत नाही. माझं काम बरोबर होतं याचा आनंद मात्र पोटात मावत नाही. आता यांना थांबवू कसं, ते लवकर लिहा.

मामीच्या कुकरला नवी रिंग मिळाली का? आमच्यावरचा लोभ कमी न करता तिचीही सोय बघा.

तुमची,
रीना


गोंदिया
२० नोव्हेंबर २०२५

चि. रीना,
आशीर्वाद आणि जयभीम.

शाबास. यात विचारायचं काय आहे? खड्ड्याला साखळी लाव, निरंजनरावांकडून हुकूम काढ, आणि ड्रायव्हर खाली दिसला तर पाना जप्त कर. आमच्या डेपोत ड्रायव्हरची काय बिशाद होती वर्कशॉपात पाय ठेवायची. इतकं लिहून मी पत्र संपवत होतो, पण तुझ्या मामीने हात धरला. तिचं म्हणणं लिहिल्याशिवाय हे पाकीट घराबाहेर जाणार नाही असा तिचा हुकूम आहे, म्हणून नाइलाजाने लिहितो.

ती म्हणते की पोट्टीले सांगा, साखळी लावशील तर ते पुढच्या ढाब्यावर जाऊन आवळतील, मग तू कुठे कुठे साखळ्या लावत फिरशील. ती म्हणते की लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वरणात रोज तिची नणंद येऊन मीठ टाकून जायची आणि वरण खारट झालं की बोल हिला बसायचे. हिने नणंदेला हाकललं नाही. मीठ स्वतःकडे ठेवलं आणि फोडणी नणंदेच्या हाती दिली. वरणही सुधारलं आणि नणंदही खूश. ती नणंद म्हणजे तुझी आई, हे तिला दाखवू नकोस.

मला हे पटलेलं नाही. यंत्राच्या कामात मानपान कशाला? पण तुला योग्य वाटेल ते कर. लोभ दोघांचाही आहे, सल्ला मात्र एकाचाच ऐकावा लागेल.

तुझा मामा,
धर्मपाल


बीरगाव, रायपूर
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप मामा आणि मामीस,
सविनय जयभीम. वि. वि.

मामा, रागावू नका, मी मामीचं ऐकलं.

आधी ओरबाडलेल्या चेंबरांना लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेतले, नटही नवे घातले. मग सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं की अपना हाथ बंद होणार नाही, फक्त त्याची जागा बदलेल. नवा वॉशर ड्रायव्हरनेच बघून घ्यायचा आणि नट बोटांनी बसेपर्यंत त्यानेच फिरवायचा. मापाचा पाना मी चालवणार, तो टक् वाजला की कोणीही, अगदी मीसुद्धा, नटाला हात लावायचा नाही. त्यानंतर शेवटचा हात त्याचा. नटावरून चेंबरपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ त्याने स्वतः ओढायची. वाटेत कुठेही वाकून बघा, रेघ जुळलेली असेल तर नट जागचा हललेला नाही. तुटलेली दिसली तर मला फोन करा, पाइप काढू नका.

काही जण कुरकुरले की रंग लावून कुठे गळती थांबते का. लोकेश मात्र ब्रश घेऊन खाली उतरला आणि जीभ बाहेर काढून, श्वास रोखून रेघ ओढली. बाहेर येऊन गाडीला हात लावून कपाळाला लावला. त्याचं बघून बाकीचेही उतरले. आता तर कोणाची रेघ जास्त सरळ यावरून वाद होतात.

सगळ्या गाड्या सळ्या घेऊन विशाखापट्टणमला गेल्या. केशकालचा घाट ओलांडला की तिथून एकेकाचा फोन यायचा की दीदी, रेघ जुळली आहे. परत आल्या त्या संध्याकाळी मी प्रत्येक गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरला. सकाळी निरंजन भैया आले, इस्त्रीच्या शर्टासकट खाली वाकले, चेंबरच्या बुडावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट सगळ्यांना दाखवलं. सगळे पुठ्ठे कोरे होते. बाहेरच्या गॅरेजचा विषय त्यांनी तिथेच संपवला, आणि नव्या वर्षापासून आमच्या दुसऱ्या, भनपुरीच्या यार्डाचा खड्डाही मीच बघायचा असं सांगितलं. मी जिंकले, मामा. मामीही जिंकली. तुमचा प्रश्न नसता तर आम्ही दोघी कुठेच पोचलो नसतो, म्हणून तुम्हालाही जिंकलेल्यांत धरते.

आज सकाळी लोकेशची गाडी खेपेच्या आधी ऑइल बदलायला आली. मी खड्ड्यात उतरले आणि सवयीने वर पाहिलं, तर काठावर कोणीच नव्हतं. बाहेर येऊन शोधलं, तर तो गेटजवळच्या टपरीवर गाडीकडे पाठ करून चहा पीत बसलेला. मी जाऊन म्हटलं की नट उघडते आहे, वॉशर बघायला आणि रेघ ओढायला चल. त्याने मानही न वळवता सांगितलं की दीदी, तूच ओढून टाक, तुझा हात काय आणि माझा हात काय.

मी परत खाली उतरले, वॉशर घातला, माप भरलं आणि रेघ ओढली. मग खड्ड्यातच बसून आनंदाने पोटभर रडले. वर कोणी बघत नव्हतं.

तुमचा दोघांचा लोभ आजवर पुरला, तो पुढेही पुरवून वापरीन.

तुमची,
रीना