सहा नंबरच्या रकान्यात

प्रिय धाकटे,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच 'हो गं ताई, हो गं ताई' करतेस आणि माझी सुटका होते. आज मला सुटका नको आहे, म्हणून लिहायला बसले. दुपार आहे, हे आत आडवे झालेत. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय, त्याला हसू नकोस, कोरा कागद वाया घालवणं माझ्या हातून अजून होत नाही. बसून वाच. मध्येच टाकून द्यावंसं वाटेल, तरी शेवटपर्यंत वाच.

तू लेकाशी अबोला धरलास त्याला परवा तीन महिने होतील. त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तो सामान घेऊन निघाला, आणि तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस, हे तूच मला सांगितलंस. कारणही मला तोंडपाठ आहे. संध्याकाळच्या पेपरात तक्ता आला होता, अर्ध्या हंगामात कोणत्या खेळाडूनं किती वेळा चेंडू घालवला त्याचा. सहा नंबरपुढे, म्हणजे आपल्या पोरापुढे, एकसष्ट. तुझ्या यजमानांनी तो कापून त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, बँकेतली नोकरी सोडून हेच दिवे लावत होतास का? पोरगा म्हणाला, मी एवढे चेंडू घालवलेले नाहीत. आणि तू म्हणालीस, म्हणजे छापणारे खोटे आणि तू एकटा खरा? चुकलास तर चुकलास, पण निदान कबूल करायला शीक. तो घास तसाच ठेवून उठला.

धाकटे, तो तक्ता माझ्या वहीतला होता.

आता वाचायची थांबली असशील. थांब थोडी, मग पुढे वाच.

तुला वाटेल, ताईला बास्केटबॉलमधलं काय कळतं. काही कळत नव्हतं. तुझ्या लेकाला संघात घेतलं त्या वर्षी मी स्वयंपाकघरातला रेडिओ सामन्याच्या वेळी लावायला लागले, एवढंच. पण माझी सवय तुला ठाऊक आहे. दूधवाल्याचा खाडा असो की यांच्या औषधाची गोळी असो, कानावर पडलं की लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. कुणी किती गुण केले ते पेपरात येतंच. मी म्हटलं, घरात आलं किती ते सगळे सांगतात, गळतं कुठे ते बघायला बाई लागते. म्हणून मी चेंडू कोणी घालवला त्याचे रकाने आखले. कॉमेंट्री करणारा म्हातारा नावं घेतच नाही, त्याच्या लक्षात राहत नसावीत. नुसते नंबर सांगतो. तो नंबर सांगायचा, मी एका हातानं परतत दुसऱ्या हातानं रेघ ओढायची.

ही वही घरातच राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण आमच्या जिन्याखाली चष्मेवाल्याचं दुकान आहे ना, तिथे संघाचे वेडे जमतात. यांच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला म्हणून मी एकदा गेले, तर तिथे रण माजलेलं. आठ संघांत आपला सातवा, आणि बाद फेरीत जाणार पहिले चार. बसवरचा एक कंडक्टर तिथे येतो, जीभ अशी की विचारू नकोस. तो म्हणत होता, बाद फेरी कसली घेऊन बसलात, आपण फेरीच्या आधीच बाद. मग गाडी आली तुझ्या लेकावर. त्याच्या उंचीमुळे त्याला तिथे 'खांब' म्हणायचे. खांबाला चेंडू लागतो, खांब चेंडू धरत नाही, असं म्हणून कंडक्टर हसला. बंदरावरच्या संघाकडे दोन बुटके, चपळ खेळाडू होते, त्यांच्याशी अदलाबदल करायची त्या मंडळींची टूम. एक फुल देऊ आणि दोन हाफ घेऊ, म्हणे. चष्मेवाला मात्र म्हणत होता की खांब काढला तर छप्पर कशावर राहणार?

मला गप्प बसता आलं असतं. स्क्रू बसला होता, चष्मा माझ्या हातात होता. पण मी म्हटलं, तुम्ही नुसते तोंडानं बोलताय, चेंडू कोणी किती घालवला ते मोजलंय का कुणी? आणि वर जाऊन वही घेऊन आले.

चष्मेवाला म्हणाला, अरे, वहिनींना खुर्ची द्या. कंडक्टर स्वतः उठला. धाकटे, तुला आठवतं, माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा बाबा पेपरातून मान वर न करता 'बरं झालं' म्हणाले होते. त्यानंतर माझ्या अकलेसाठी कुणी उठून उभं राहिल्याचं मला आठवत नाही. मी त्या खुर्चीवर बसले आणि वाचायला लागले. कप्तानापुढे अकरा. सहा नंबरपुढे एकसष्ट. चष्मेवाला दबकत म्हणाला, वहिनी, सहा नंबर तुमचा भाचा ना? आणि मी म्हणाले, "वहीत नातं नसतं." कंडक्टरनं टाळी वाजवली. पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहिते. ते वाक्य मला इतकं आवडलं, की जिना चढताना मी ते मनात आणखी एकदा म्हणून बघितलं.

त्या पानाची नक्कल झाली, खाली अदलाबदलीची मागणी लिहून दोनशे सह्या झाल्या, एक प्रत क्लबला गेली आणि एक पेपरला. पंधरा दिवसांत अदलाबदल. क्लबनं आमच्या कागदावर सगळं ठरवलं असं नसेल, त्यांच्या मनात आधीपासून असेल. चष्मेवाला हेच सांगून मला धीर देतो. पण कागद माझा होता. पेपरानं नाव छापलं नव्हतं, 'एका जाणकाराच्या वहीवरून' एवढंच होतं. ते कात्रण मी पोथीत ठेवलं. सकाळी पोथी उघडली की आधी 'जाणकार' दिसायचं, देव मागाहून.

आणि तक्ता छापून आला त्याच रात्री तुझा फोन आला. तू रडत होतीस. म्हणालीस, ताई, तुला हिशोब कळतो, तूच सांग, हे खरं असेल का गं? मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, कुणीतरी मोजूनच लिहिलं असेल ना. कुणीतरी! माझ्या सख्ख्या बहिणीला मी असं म्हणाले, आणि वही समोर टेबलावर होती.

तो गेल्यावर महिनाभर मी रेडिओ लावला नाही. मग एक दिवस लावला. संघ सहावा झाला होता, खाली दुकानात नुसता जल्लोष चालला होता, ते दोन हाफ म्हणे वाऱ्यासारखे पळत होते. मी कढई ठेवली, धुराचा पंखा लावला, जुनी सवय म्हणून वही उघडली. म्हातारा ओरडला, सहा नंबरनं चेंडू घालवला! माझा हात रेघ ओढून मोकळा झाला. आणि मग माझ्या लक्षात आलं की संघात सहा नंबरच नाही. तो नंबर घालणारा पोरगा इथून चारशे किलोमीटरवर आहे आणि त्याच्या जागी आलेल्या दोघांचे नंबर चौदा आणि पंधरा आहेत.

मी गॅस बंद केला, पंखा बंद केला आणि रेडिओला कान लावून उभी राहिले. तुला माझा रेडिओ माहीत आहे, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं, आवाज डब्यातून आल्यासारखा. हे दोन वर्षं म्हणत होते नवा घेऊ, आणि मी म्हणत होते चालतोय ना, कशाला? थोड्या वेळानं म्हातारा पुन्हा ओरडला. दहा. दहा नंबर, धाकटे. कप्तान. टाळ्या घ्यायला चेंडू नाचवत बसतो आणि घालवतो, तो कप्तान. पंखा आणि कढई यांच्या मधून मला अर्धा हंगाम दहाचे सहा ऐकू आले होते. त्या एकसष्टांत आपल्या पोराचे खरे किती, ते आता कुणालाच काढता येणार नाही. मी तरी कुठून काढू?

तरीही मी दोन महिने गप्प बसले. चुकीची लाज वाटते त्याहून मला या दोन महिन्यांची जास्त वाटते. रोज कारण सापडायचं. संघ पाचवा झालाय, आता कप्तानावर चिखल कशाला उडवा. अदलाबदलीची मुदत संपलीय, आता बोलून उपयोग काय. देवापुढे बसले की ओठ हलायचे, पण मला आपलं वाटायचं की ऐकणारा पाठ फिरवून बसलाय. तुझे फोन यायचे, तू म्हणायचीस, तो वाकत नाही तर मी का वाकू, आणि मी म्हणायचे, होईल गं सगळं ठीक. खाली खुर्ची अजून मिळत होती. तेही एक कारण होतंच.

परवा मी दुकानात गेले आणि उभ्यानंच सांगितलं. वही चुकली, सहा म्हणजे दहा होता, तुमच्या सह्या माझ्या बहिरेपणाखाली आहेत. मग कंडक्टर म्हणाला, वहिनी, म्हणजे तुम्ही आम्हाला भलत्याच बसमध्ये बसवलंत की! मी म्हटलं, हो. मला वाटलं आता चांगलं झापतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. पण पाच मिनिटांत त्यांचा वाद सुरू झाला, की मग पुढच्या हंगामात दहा नंबर कुणाला द्यायचा आणि त्याच्या बदल्यात कोण मागायचा. खांब परत आणता येईल का, असंही एकानं काढलं, जसा काही दुरुस्तीला दिलेला पंखा. आणि कंडक्टर मला म्हणतो, वहिनी, कप्तानाचे नक्की किती, तेवढं वहीतून काढून द्या ना. वही मी दिली नाही. पेपरलाही लिहिलंय, छापतील की नाही कोण जाणे.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. काल तुझ्या लेकाला फोन केला. म्हटलं पाय धरता येत नाहीत तर निदान शब्दांनी धरावेत. मी निम्मं बोलले असेन नसेन, तोच तो म्हणाला, मावशी, मला माहीत आहे. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आला तेव्हा मी आत पाणी आणायला गेले आणि त्यानं टेबलावरची वही चाळली. दुसऱ्या महिन्यातल्या एका सामन्याला तो तापानं फणफणत तुझ्या घरी पडून होता, मैदानावर गेलाच नव्हता, आणि त्या पानावरही सहा नंबरपुढे तीन रेघा होत्या. त्या संध्याकाळी तू ताप उतरत नाही म्हणून फोन केला होतास, मी देवापुढे त्याच्यासाठी बसले होते, आणि उठून त्याच हातानं त्या तीन रेघा ओढल्या होत्या. ते पान बघून त्यानं वही मिटली, पाणी प्यायला, माझ्या पाया पडला आणि गेला. मी विचारलं, अरे मग आईला तरी सांगायचंस, तिच्यापुढे खोटा का ठरलास? तर म्हणाला, "मावशी, आईला बहीण एकच आहे. मी काय, तिनं कितीही राग धरला तरी मुलगाच राहतो." आणि तुला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली. ती मी मोडतेय, देवाला काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन. रविवारी त्याचा संघ इथे आपल्याशी खेळायला येतोय. आपण जिंकलो तर बाद फेरीत, असं खाली सगळे बोटांवर मोजत बसलेत. मला त्याचं काही नाही. तुझ्या घरापासून दोन स्टॉपवर तो हॉटेलात उतरणार आहे, कारण घरी यायची त्याला हिंमत नाही. हे पत्र यांच्या हाती पाठवते म्हणजे आजच पोचेल. त्याचा तिकडचा नवा फोन नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय, दोनदा तपासून लिहिलाय, शेवटी यांच्याकडून वाचून घेतलाय. आधी त्याला फोन कर. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव, आणि नाही ठरलं तरी मी समजेन.

म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई