डब्यात नसलेले दोन पत्ते

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

कसा आहेस? वहिनीचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळे ठीक.

पत्र ब्रेलमध्ये बघून चक्रावला असशील. अडीच तास पाटीवर टोचतेय, अंगठ्याला फोड आलाय. लहानपणी तू शिकवायचास तेव्हा मी नुसता वैताग आणला, त्याची फळं. चुकलेले ठिपके नखाने दाबून सपाट केलेत, पण तुझ्या बोटांना कळतीलच. साधं पत्र वहिनीने वाचून दाखवलं असतं. हे तू एकट्याने वाचावंस.

ऑफिसात पडदे नवीन आलेत, हिरवे, भयंकर दिसतात. बघ, मुद्द्याचं बोलायचं तर पडदे सुचतात मला.

आमच्या कंपनीच्या त्या बंदरांच्या खेळाबद्दल लिहायचंय. पत्त्यांवरचा मजकूर मी पाठवला आणि तुम्ही तुमच्या अंध मंडळात त्याचे ब्रेलचे आठ संच केलेत. पटावरच्या वाटांना दोरा चिकटवलात, जहाजांना वेगवेगळी बटणं. मला बडबडीला तू फोन केलास, "रेडिओ, आज माझा पत्ता कुणाला न विचारता मीच वाचला, आणि मास्तरांना धूळ चारली!" किती खूश होतास रे.

मजकूर मी दुकानातल्या डब्यातून घ्यायला हवा होता. आळस केला. माझ्या टेबलावर तपासणीची कच्ची प्रत होती, तीच उतरवली. तिच्यात साठ पत्ते होते, डब्यात अठ्ठावन्न. वादळ आणि दीपगृह हे दोन साहेबांनी पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवले होते, ते मी साफ विसरले. तू मात्र हाताने मोजलेस. "दोन जास्त कसे गं?" मी म्हटलं, "असतील रे, खेळ गुमान."

मग मजकूर या मंडळातून त्या मंडळात गेला आणि फिरत फिरत तुझ्या नावासकट साहेबांपर्यंत पोचला. कंपनीच्या वकीलबाईंनी तुला नोटीस लिहिली. कॉपीराइटचा भंग, न छापलेला मजकूर चोरला, सगळे संच जमा करा. दादा, ती नोटीस तपासायला माझ्याकडेच आली होती. मी दोन स्वल्पविराम नीट केले आणि पाठवून दिली.

तू उत्तर दिलंस, "ते दोन पत्ते मीच मनाने रचले. चूक माझी एकट्याची." साहेब हसले. "शब्द न् शब्द जुळतो म्हणे! चोरी करायची आणि वर थापा मारायच्या." मी समोरच बसले होते. आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला संशय नाही. मी चहा पीत राहिले.

संचांचं तुझं खोकं आलं. कागद कापायच्या यंत्रात पत्ते मीच घातले. तुमचा कागद जाड, यंत्र तीनदा अडकलं. अडकलेले तुकडे ओढून काढताना बोटांना ठिपके लागत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 काल जेवताना साहेब सहज म्हणाले, "आधी विचारलं असतं तर ब्रेलची परवानगी आनंदाने दिली असती. आता त्या माणसाला जन्मात नाही." त्या माणसाला!

आज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तो माणूस माझा सख्खा भाऊ आहे, हेही. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "टेबल आवरा." दारातून मागे फिरून मी परवानगीचं विचारलं. "अर्ज करायला सांगा त्यांना. बघतो." म्हणजे नाही म्हणाले नाहीत. तू लगेच कर अर्ज. नोकरी गेली त्याचं काही वाटत नाही असं नाही हं. जिन्यात बसून रडले.

ते दोन पत्ते माझ्याच टेबलावरून आले, हे तुला तेव्हाच कळलं होतं ना? तरी फोनवर एकदाही जाब विचारला नाहीस. दरवेळी आपलं "जेवलीस का?" त्याऐवजी चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. माफी मागायचंसुद्धा तोंड नाही मला.

परवानगी आली की कळव. डबा मी घेऊन येईन आणि आठही संच माझ्या हाताने टोचीन. या वेळी प्रत्येकात अठ्ठावन्न पत्ते. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून घे.

बोलायचं तेव्हाच बंद पडलेला,
तुझा रेडिओ