पायऱ्यांवरचे मीठ

त्या सकाळी मी दूध तापवले, देवापाशी दिवा लावला आणि बादली घेऊन पुढच्या पायऱ्यांवर सडा घातला. कॅनबेरात जुलैत उजाडताना उणे पाच असते, पाणी पडताच गोठत होते. कोणी घसरू नये म्हणून वर दोन मुठी जाडे मीठ टाकले, कोपऱ्यात रांगोळी काढली आणि आत आले. त्या हिवाळ्यात हे मी रोज केले. वकीलबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात लागत नाही. मला लागते.

मी, शुभदा मुरलीधर गोडांबे, वय बाहत्तर, राहणार फ्रँकलिन, कॅनबेरा. माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी हात धरून लिहवून घेत नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, फक्त कलम चार नव्हते.

१. घर माझी मुलगी मयूरा हिला. विकले तरी हरकत नाही. विकेपर्यंत पायऱ्यांना एकाआड एक वर्षी सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लावावा, अँझॅक डेच्या, म्हणजे २५ एप्रिलच्या आत, चार कोरडे दिवस बघून. छपराच्या गटरचे पाणी पायऱ्यांवर साचू देऊ नये. बर्फ धरला तर वाळू टाकावी, मीठ कधीही नाही. मयूरा म्हणेल, "आई, इट्स जस्ट काँक्रीट." तिने कलम चार वाचावे.

२. बँकेत असेल ते तिलाच. पुस्तके इथल्या मराठी मंडळाच्या कपाटाला. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन मी लायब्ररीत आणि डब्यांवरची लेबले वाचून शिकले. मंडळातल्या चित्रलेखाबाईंना मात्र एकही पुस्तक देऊ नये, त्या न वाचताच पाने दुमडतात.

३. हे जाऊन नऊ वर्षे झाली. यांचा करडा स्वेटर मी घरात घालते. तो माझ्या अंगावरच राहू द्यावा.

४. यांची गॅरेजमधली सगळी हत्यारे संजीव लोखंडे यास. घेईल की नाही माहीत नाही.

संजीव इथे शिकायला आला आणि काँक्रीटच्या कामात रमला. अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या पायऱ्या त्याने ओतल्या. आपल्या लोकांतले त्याचे पहिले काम. सीलरचा डबा ठेवून गेला, महिन्याभराने लावा म्हणाला. डबा आम्ही उघडलाच नाही. ऑगस्टमध्ये पायऱ्यांचे पापुद्रे सुटले, खडी दिसू लागली. यांनी त्याला बोलावले. तो गुडघ्यावर बसला, पायरीवरून बोट फिरवून जिभेला लावले आणि माझ्याकडे पाहिले.

"काकू, इथं मीठ टाकता का?"

हे शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "नाही रे. मीठ कशाला टाकू?"

"बरं," तो म्हणाला. "मग माझंच चुकलं असेल."

दुपारी मी गॅरेजमध्ये त्या डब्यावरचे लेबल बोट ठेवून वाचले. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ नको, असे स्वच्छ लिहिले होते. हे आत पेपर वाचत बसले होते. मी जाऊन चहा ठेवला.

संजीवने पायऱ्या पदरच्या पैशाने पुन्हा ओतून दिल्या. तरी यांनी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांदेखत सांगितले, या मुलाने आमच्या पायऱ्यांतले सिमेंट चोरले. मी तिथे प्रसाद वाटत होते. त्यानंतर त्याला आपल्यांपैकी कोणी काम दिले नाही आणि तो गाव सोडून दूर गोलबर्नला निघून गेला. हे गेले तेही त्याला चोर समजूनच.

म्हणून मयूराने हे कलम मंडळाच्या गणपतीत, आरतीआधी, मोठ्याने वाचावे. संजीवने सिमेंट चोरले नाही. पायऱ्या मी खराब केल्या. मरेपर्यंत कशाला थांबलीस, असे कोणी म्हणेल. मला तेवढी हिंमत नाही, आणि त्याचीही लाज वाटते.

संजीव पायऱ्या बघून गेला त्या दिवशी मला कळले नव्हते, असे कोणी माझ्या बाजूने बोलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घातला, रांगोळी काढली. मीठ टाकले नाही.

सही: शुभदा मुरलीधर गोडांबे
आमच्यादेखत सही केली: शंतनू वर्टी, सुखदा वर्टी (शेजारी)
फ्रँकलिन, कॅनबेरा. १२ मे २०२५