डाव्या हाताला जमेल असं कॅलेंडर

रिजायना, ९ ऑक्टोबर

ती. ग्लेंडाताईस,
धाकट्या मर्डॉकचा सा. न.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. ज्योएल परवा हॉस्पिटलातून घरी आली. अर्धांगाचा झटका मोठा नव्हता म्हणतात, पण उजवा हात अजून उठत नाही आणि शब्द तोंडाशी येऊन अडकतात. मी तिला कशालाही हात लावू देत नाही.

आजवर घराचं सगळं तिच्या डोक्यात असायचं. ते आता मी फोनमध्ये भरतोय. कामांचं एक अ‍ॅप, तारखांचं दुसरं, किराण्याचं तिसरं. सगळी एकदम किणकिणतात आणि मी सगळी एकदम गप्प करतो. कुत्र्याला एकच गोळी दोनदा दिली गेली आणि टॅमसिनची स्केटिंगची परीक्षा हुकली. पोर माझ्याशी बोलत नाहीये. तू इतकी वर्षं शाळेचं वेळापत्रक सांभाळलंस, तूच सांग, यातलं कुठलं ठेवू?

माया आहे तशीच राहू दे.
तुझा मर्डॉक

इन्व्हरनेस, १७ ऑक्टोबर

चि. मर्डॉक,
अ. उ. आ.

कुत्रा बरा आहे ना? आधी ते कळव.

नवीन अ‍ॅप घेतलं की काम झाल्यासारखं वाटायचंच तुला. परीक्षा आली की अभ्यास सोडून पेन्सिलींना टोकं काढत बसायचास, आई किती ओरडायची! मला अ‍ॅपमधलं काही कळत नाही. शाळेत एवढंच कळलं, की वेळापत्रक एकच हवं आणि ते सगळ्यांना दिसेल तिथं हवं.

आता एक विचारते, रागावू नकोस. कुठलं अ‍ॅप ठेवू, हे तू आपल्याच देशाच्या या दुसऱ्या टोकाला मला विचारलंस. शेजारच्या खोलीतल्या ज्योएलला विचारलंस का?

टॅमसिनला पापा. पत्राला उशीर लावू नकोस.
ग्लेंडा

रिजायना, २८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

कुत्रा ठणठणीत आहे. मी मात्र तुझं पत्र वाचून दिवसभर फुरंगटून बसलो होतो.

संध्याकाळी ज्योएलला विचारलं, तर ती रडायलाच लागली. अडखळत म्हणाली, हात गेला तो गेला, घरही तू काढून घेतलंस. हीटर तपासणाऱ्याला बोलवायचंय, ग्रंथालयाची पुस्तकं परत द्यायचीत, हे सगळं तिला पडल्यापडल्या आठवत होतं आणि तिला कुणी विचारतच नव्हतं. तिला विश्रांती मिळावी म्हणून मी हे करत होतो गं. टॅमसिन दारात उभी होती. तिनं अबोला सोडला तो मला सुनावण्यासाठीच: बाबा, तुझ्या एवढ्या अ‍ॅपमध्ये आई कुठेच नाहीये.

मग तिघं सोफ्यावर बसलो आणि फोनमधली जुनी सगळी उडवली. नवं निवडायचं ते ज्योएलच्या डाव्या अंगठ्याला जमेल तेच. सगळ्यात हुशार होतं ते पहिलं बाद, त्याची अक्षरं मुंगीएवढी. दुसरं बोललेलं लिहून घ्यायचं. ज्योएल ‘डेंटिस्ट’ म्हणाली, त्यानं ‘डान्स’ लिहिलं. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे डान्स! ताई, हॉस्पिटलातून आल्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि इतकी, की टॅमसिनला तिला धरावं लागलं.

शेवटी एक साधं, मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर घेतलं. तिघांच्याही फोनवर तेच दिसतं. ज्योएलचा रंग हिरवा. ती हुकूम सोडते, मी पळतो. टॅमसिनची परीक्षा पुन्हा मागून घ्यायची, हेही तिनंच टाकलं. टॅमसिन पास झाली. ज्योएल तुलाही या कॅलेंडरात घ्यायचं म्हणते. तुझ्या फोनवर ते कसं घ्यायचं, हे टॅमसिननं सोबतच्या कागदावर लिहिलंय.

असंच रागावत जा.
मर्डॉक

इन्व्हरनेस, २० नोव्हेंबर

चि. मर्डॉक, ज्योएल आणि टॅमसिन,
तिघांनाही पोटभर आशीर्वाद.

टॅमसिनच्या कागदाप्रमाणे सगळं केलं. नंतर काल दुपारी सूप ढवळत होते, तर फोन उजळला. हिरव्या चौकोनात लिहिलं होतं: ग्लेंडा. नाताळ. ये. ते तीन शब्द उमटवायला ज्योएलच्या अंगठ्याला किती वेळ लागला असेल, या विचारानं मी तिथंच खुर्चीत बसले. सूप लागलं खाली.

‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं होती. मी ‘हो’ दाबलं. मग तो फोन मला विचारतो, आठवण किती आधी करून देऊ? मी त्याला म्हटलं, बाबा रे, बॅग केव्हाच पलंगावर काढून ठेवली आहे.

भेटेपर्यंत एकमेकांना जपा.
तुमची ग्लेंडा