बाबांचा गज

शिकागो, ४ मे १९१९

चि. युलालीस,
थोरलीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने झोप उडाली. बाबांचा बास वाजवायचा गज मी मुद्दाम इकडे आणला, म्हणजे ते माणसाहून उंच तंतुवाद्य कोपऱ्यात पडून राहील. तर तू आता बोटांनीच तारा छेडतेस, आणि दर रविवारी व्हालसँच्या बँडच्या गाडीवर पाच पुरुषांत एकटी बाई उभी! गोऱ्यांनी केलेल्या त्या दंगलीत बाबा पळू शकले असते. बास टाकवला नाही म्हणून गेले. मला एकच वचन दे. वेळ आली तर बास टाकून पळायचं.

तुझी घाबरट ताई,
ओडिल

न्यू ऑर्लिन्स, १२ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सोमवार, नेहमीचा लाल घेवडा शिजतोय आणि मी सुखरूप आहे, हे आधी. काल चौकात थियोफिलच्या बँडची गाडी आडवी आली. लोकांनी रिवाजाप्रमाणे दोन्ही गाड्यांची चाकं दोराने बांधली. एक बँड वाजवण्यात हरेपर्यंत सुटका नाही. मांडीवर मूल घ्यायचं सोडून बाई अस्वल धरून उभी आहे, असं थियोफिल ओरडला. तोही बासवालाच. मी म्हटलं, माझं अस्वल निदान सुरात गुरगुरतं. लोक हसत होते, तेवढ्यात काठ्या घेतलेले गोरे चौकात शिरले. खेचरं बिथरली, पण चाकं बांधलेली. गाठीजवळ मीच होते. बास सोडला, उतरले, गाठ सोडवली. कोसळणारा बास थियोफिलने त्याच्या गाडीतून हात लांबवून धरला. मला कुणी वर ओढलं, आठवत नाही. वचन अर्धं तरी पाळलं ना?

तुझीच,
युलाली

शिकागो, १९ मे

चि. युलालीस,
आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आता खरं सांग. तुझं अक्षर असं कलंडलेलं नसतं, आणि ओळीओळीवर शाई फिसकटली आहे. हे डाव्या हाताने लिहिलंस. उजव्याला काय झालं?

ओडिल

न्यू ऑर्लिन्स, २६ मे

ति. ताईस,
सा. न.

गाठ सुटताच चाक फिरलं आणि हात त्यात सापडला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तारा छेडता येत नाहीत. व्हालसँ म्हणतो, जागा राखून ठेवतो, पण बोलताना खाली बघतो. रस्त्यात चाकं वाजली की मी दार लावून घेते, ताई. पुन्हा कधीच वाजवता येणार नाही, याची भीती मात्र त्याहून मोठी आहे. उरलेल्या बोटांत झाडूची काडी धरून पाहिली. धरता येते. म्हणजे गजही धरता येईल.

तो तुझ्यापाशी आहे. नाही पाठवलास तर मी घरात सुखरूप राहीन. रागावणार नाही. तू ठरव.

युलाली

शिकागो, २ जून

चि. युलालीस,
आशीर्वाद.

गजाला घोड्याचे नवे केस बसवून घेतले. गोधडीत गुंडाळून आज टपालात दिला. म्हणजे खिडकीपाशी नेला, पण हातातून सुटेना. बाई, सोडा आता, असं तिथल्या माणसाने दोनदा सांगितलं आणि शेवटी जरा ओढूनच घेतला.

भीती तेवढी माझ्याकडे ठेवली आहे. लोभ सगळा गोधडीत बांधला आहे.

तुझी,
ओडिल