पंचवीसपैकी एकवीस

३ मार्च. सकाळी ७.
संकल्प: आजपासून कुणावर हात उचलायचा नाही. संशोधकाला ते शोभत नाही. विषय: एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळतं का? पाच आकृत्यांचे पंचवीस पत्ते केले. मी दिव्याखाली बसून पत्ता बघायचा, समोर बसून मेव्हण्यानं ओळखायचा. मेव्हणा पिठाची गिरणी चालवतो. देवभोळा, डोकं कोरं. सब्जेक्ट फर्स्ट क्लास.

५ मार्च.
अंदाजपंचे पाच यायला हवेत. एकवीस आले! कसं जमतं विचारलं, तर म्हणे देव दाखवतो, तुमच्या डोळ्यांत दिसतं. म्हणजे टेलिपथीच. नोंद केली. देव गाळला.

९ मार्च.
पुन्हा एकवीस. मानसशास्त्राचे प्रोफेसर रविवारी बघायला येताहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळण्यात बावीस वर्षं गेली, आता पुरे. हेडमास्तरांच्या टेबलावर राजीनामा आपटला. दौत उडून त्यांच्या शर्टावर सांडली. याला हात उचलणं म्हणत नाहीत. हिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१२ मार्च.
मेव्हणा अडून बसला. रिपोर्टात पहिलं नाव देवाचं हवं. म्हटलं, देवाची सही तू आणणार का? त्यानं गचांडी धरली. मी त्याच्या पाठीत लाटणं घातलं (स्वसंरक्षण). त्यानं स्टूल फेकलं. मी दंडाला कडकडून चावलो. चावण्यात हात येत नाही, संकल्प शाबूत. मग त्याची चपराक बसली. एक दात गेला, चष्म्याच्या ठिकऱ्या झाल्या. शेवटी हिनं दोघांवर बादली ओतली.
तडजोड: देवाचे आभार तळटीपेत.

१५ मार्च. रविवार.
नवा चष्मा मंगळवारी. अडत नाही, पत्ता नाकाशी धरला की दिसतो. आज इतिहास घडणार.

संध्याकाळी.
चार. पंचवीसपैकी चार!
मेव्हण्याचा गळाच धरला. सोडवायला आलेल्या प्रोफेसरांना माझं कोपर लागलं, नाकातून रक्त आलं. मेव्हणा रडत म्हणाला, "दाजी, देव रुसला हो. रोज तुमच्या चष्म्याच्या काचेत पत्त्यातलं चित्र दाखवायचा. आज काचच नाही."
प्रोफेसर नाकाला रुमाल लावून बराच वेळ हसत होते.

१६ मार्च.
राजीनामा परत मागायला गेलो. हेडमास्तरांनी तो शर्ट दाखवला. जागा भरली म्हणाले. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "आता माझ्या भावाचे पाय धरा."

१८ मार्च.
गिरणीत लागलो. काम सोपं आहे. पिठानं नवा चष्मा पांढरा होतो. मेव्हणा दर तासाला येऊन पुसून देतो, आणि काचेत बराच वेळ निरखून बघतो. मी हलत नाही.