पेंढ्या खालून द्यायच्या

ता. १४, मंगळवार

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, तूही बरा असशील. आईचा खोकला उतरला. शेळीला दोन पिल्लं झाली. एक अगदी तुझ्यावर गेलंय, उठसूट रुसतं.

घर आता गळत नाही. आईची खाट पुन्हा मधल्या खोलीत आली. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण आपले वासे धड आहेत. एकूण एक चाचपून पाहिलेत.

कुणी, ते तुला कळलंच असेल. गवत आम्ही बायकांनी कापायचं, पेंढ्या आम्ही बांधायच्या, खालून वर द्यायच्या. छपराला मात्र बाईचा पाय लागायचा नाही, लागला तर घरच्या पुरुषाचं आयुष्य घटतं. छप्पर शाकारणाऱ्याकडे खेटे घालून थकले. तो म्हणाला, ज्या घरात पुरुष आहे ते आधी. तुला निरोप धाडला, तू म्हणालास, बघू. आई ओल्या अंथरुणात कुडकुडत होती, मला बघवेना. शिडी लावली.

वर गेल्यावर काय वाटलं सांगू? मजा वाटली. काकांचं टक्कल पहिल्यांदाच वरून पाहिलं. मला हसू आलं, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

आता छप्पर उतरवायचं आणि पुरुषाच्या हातानं पुन्हा घालायचं, असं त्यांनी ठरवलंय. रविवारी माणसं घेऊन येणार आहेत. आईला म्हणाले, "तिच्या भावानंच सांगितलंय, उतरवा म्हणून."

हे वाक्य लिहायचं होतं म्हणून तर शेळीपासून सुरुवात केली. ते ऐकल्यापासून दारात काही वाजलं की उठते, पुन्हा बसते. तू खरंच असं म्हणालास का रे? माझ्या पायानं तुझं आयुष्य घटलं असं तुलाही वाटतं? तुला निरोप पोचवणारा टेंपोवाला तर सांगत होता, तुझं वजन वाढलंय.

रविवारी सकाळपासून मी आढ्यावर बसणार आहे. उतरवायचं तर माझ्यासकट उतरवू दे. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं शिडी हलवून पाहिली. मग म्हणाली, "बस तू. शिडी मी धरते."

टोकाच्या थोड्या पेंढ्या घालायच्या राहिल्यात. आईचे हात तेवढे उंच पोचत नाहीत. म्हणून तू ये. तुला वर चढायचं नाही, काकांशी भांडायचंही नाही. पेंढ्या खालून द्यायच्या आहेत.

रविवारी वरून तुझी वाट पाहणारी,
धाकटी